"मॅडम, यानं पगार वाढतो का?"

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये एम्प्लॉयबिलिटी स्किल्स शिकवते. बायोडेटा, मुलाखतीची तयारी, इंग्रजी संभाषण हे सगळं मुलं मन लावून करतात. पण शाश्वत विकास आणि जागतिक नागरिकत्व हा भाग आला की वर्ग पेंगायला लागतो. माझ्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या 17 उद्दिष्टांच्या रंगीत चौकोनांची स्लाइड आहे, ती मी दाखवते. परवा रेफ्रिजरेशन ट्रेडच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, हे पाठ करून पगार वाढतो का?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही त्याच ट्रेडचे निदेशक होतात. काय सांगावं?

उत्तर : आधी ती स्लाइड बंद करा. चौकोन वाईट नाहीत, पण सतरा रंग एकदम डोळ्यांपुढे आले की एकही डोक्यात राहत नाही. त्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. नोकरीसाठी शिकायला आलेला मुलगा पगाराचं विचारणार नाही तर कोण विचारणार? त्याचं उत्तर त्याच्या ट्रेडच्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्येच आहे.

पुढचा तास वर्गात घेऊ नका. रेफ्रिजरेशनच्या सरांना विनंती करून मुलांना त्यांच्या शॉपमध्ये न्या. जुन्या स्प्लिट एसीला गेज मॅनिफोल्ड, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारी काट्यांची जोडी, जोडायला सांगा आणि एवढंच विचारा : "हा एसी उद्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये बसवायचाय. आतल्या गॅसचं काय करणार?" निम्मी मुलं म्हणतील, "सोडून देणार, सर." ओरडू नका. बाहेर ज्या मिस्त्रीच्या हाताखाली सुट्टीत काम केलं, त्याला त्यांनी तेच करताना पाहिलेलं असतं.

मग फळ्यावर हिशेब मांडा. जुन्या दीड टनी एसीत आर-22 गॅस साधारण किलोभर. शंभर वर्षांच्या हिशेबानं तो एक किलो हवा तापवतो 1,810 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी. एक लिटर पेट्रोल जळलं की कार्बन डायऑक्साइड निघतो साधारण 2.3 किलो. भागाकार मुलांनाच करू द्या. 780 लिटरच्या आसपास येईल. लिटरला 50 चं ॲव्हरेज देणारी मोटारसायकल तेवढ्यात 39 हजार किलोमीटर पळते. म्हणजे रत्नागिरी-मुंबई जाऊन-येऊन पन्नासच्या वर खेपा. आणि व्हॉल्व्ह सैल करून हे सगळं हवेत सोडायला किती वेळ लागतो, ते त्यांनाच ठाऊक असतं. आर-22 सुटला तर वर ओझोनचीही झीज होते, ती वेगळीच. नवे गॅस ओझोनला धक्का लावत नाहीत, पण आर-410ए चा आकडा 2,088 आहे, आर-22 हूनही जास्त. हल्लीच्या आर-32 चा 675.

हिशेब झाला की लगेच पंप-डाउन करून दाखवायला लावा. एसी कूलिंगवर चालू, बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपाचा व्हॉल्व्ह बंद, लगोलग मशीन बंद. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये अडकून बसतो. मशीन चालू असताना पाइप उघडायचा नाही, हेही तिथेच बजावायचं, कारण आत हवा ओढली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. खर्च शून्य. कॉम्प्रेसरच बसला असेल तर मात्र गॅस ओढून घेणारं रिकव्हरी मशीन आणि रिकामा सिलिंडर लागतो.

एवढं झाल्यावर मुलांना सांगा, की आत्ता तुम्ही जे केलंत त्यासाठी जगातले देश आणि युरोपीय संघ मिळून 198 जण एका कराराला बांधले गेले आहेत. 1985 साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनला पडलेलं भगदाड जगापुढे मांडलं, आणि ओझोन खाणारे गॅस बंद करत नेण्यासाठी 16 सप्टेंबर 1987 ला माँट्रिअल करार झाला. भारत त्यात 1992 ला आला. पूर्वी घरोघरच्या फ्रिजमध्ये असलेला आर-12 गेला तो त्यामुळेच. ओझोनचा थर हळूहळू भरून येतोय. अंटार्क्टिकावर तो 1980 च्या पातळीला यायला 2066 उजाडेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तोवर तुमची मुलं निवृत्त झालेली असतील. जागतिक करार म्हटला की आपल्याला झेंडे लावलेलं टेबल आठवतं, पण तो पाळला जातो की नाही हे ठरतं दहाव्या मजल्याच्या छज्ज्यावर, स्पॅनर हातात घेऊन बसलेल्या पोरापाशी.

आता पगार. वाढतो, पण पाठ करून नाही. आर-32 थोडा पेट घेतो, आर-290 म्हणजे तर प्रोपेनच. कंपन्यांना असा माणूस हवा असतो, जो नायट्रोजननं प्रेशर टेस्ट करतो, व्हॅक्यूम पुरेसा काढतो, काट्यावर तोलून गॅस भरतो आणि आग लागू देत नाही. लीक न शोधता दर उन्हाळ्यात गॅस "टॉप-अप" करणारा मिस्त्री दोन वर्षांत गिऱ्हाइकाच्या मनातून उतरतो. पर्यावरणासाठी चांगलं काम आणि नुसतं चांगलं काम, यांत आमच्या धंद्यात फारसा फरक नाही. सगळ्या धंद्यांत असंच असतं, असं मात्र मी म्हणणार नाही.

बाकी ट्रेडनाही असंच एकेक दार सापडतं. इलेक्ट्रिशियनच्या मुलांना सांगा, की आपल्या देशात एका युनिट विजेमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि मग घरचं मीटर वाचायला लावा. शिवणकामाच्या मुलींना स्वतःच्या कपड्याच्या कॉलरमागचं लेबल वाचू द्या आणि ढाक्याजवळच्या राणा प्लाझा या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांच्या इमारतीबद्दल सांगा. 24 एप्रिल 2013 ला ती इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसं मेली. भिंतींना तडे गेल्याचं आदल्या दिवशी दिसलं होतं, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला एका कारखान्यात अप्रेंटिस आहे. हवा बिघडवली श्रीमंत देशांनी, आणि उपदेश आम्हाला. हे ढोंग नाही का?

उत्तर : बरंचसं आहे. पण आपण ज्या करारांबद्दल बोलतोय त्यांत हा मुद्दा विचारात घेतलेला आहे, म्हणून ते टिकले. माँट्रिअल करारासाठी 1991 पासून एक निधी आहे. त्यात पैसे घालायचे विकसित देशांनी आणि ते वापरायचे आपल्यासारख्यांनी. आर-410ए, आर-32 अशा नव्या गॅसांसाठी 2016 ला रवांडातल्या किगाली इथं करारात दुरुस्ती झाली. तिच्यात विकसित देशांची कपात 2019 ला सुरू झाली, चीननं 2024 ला वापर गोठवायचा आणि भारतानं 2028 ला. आपली पहिली 10 टक्के कपात 2032 ला आणि ती 85 टक्क्यांपर्यंत न्यायची 2047 पर्यंत. तुझी उमेदीची सगळी वर्षं याच काळात जाणार आहेत, तेव्हा आकडे लिहून ठेव.

माझी तक्रार दिल्लीकडे किंवा जिनिव्हाकडे नाही, ती जवळची आहे. स्कूटरवर पिशवी अडकवून फिरणाऱ्या मिस्त्रीनं रिकव्हरी मशीन आणायचं कुठून? आणि काढलेला गॅस द्यायचा कुणाला? मोठ्या हॉटेलच्या चिलरला हे सगळं मिळतं. गल्लीतल्या एसीला मिळत नाही, आणि बोल मात्र त्याच मिस्त्रीला लावले जातात. गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून एक मशीन घ्यावं असं मी कायम सांगत आलो. एकमेकांचं गिऱ्हाईक पळवण्याच्या भीतीनं ते सहसा जमत नाही.

प्रश्न : माझा मुलगा एसी मेकॅनिक म्हणून कतारला निघालाय. आम्ही खेडचे. त्याच्या पुस्तकात "जागतिक नागरिक" असा धडा पाहून मला हसू आलं, कारण एजंट दीड लाख मागतोय. नागरिकपणाचा इथं काय उपयोग?

उत्तर : भाऊ, तुमच्यासाठीच आहे. ज्या 17 उद्दिष्टांबद्दल वर लिहिलं, त्यांतल्या 4.7 या कलमात जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण आहे. शाळा-कॉलेजं तेवढंच वाचतात. 8.8 मात्र कुणी वाचत नाही : कामगारांचे हक्क आणि सुरक्षित काम, आणि त्यात परदेशी गेलेल्या कामगारांचा उल्लेख नाव घेऊन आहे. आपण जगाशी नीट वागायचं आणि जगानं आपल्याशी कसंही वागलेलं चालवून घ्यायचं, असा तो धडा शिकवला तर तो फाडून टाकलेला बरा.

आता कामाचं. नोंदणीकृत एजंटानं कामगाराकडून 30 हजार रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घ्यायचं नाही असा आपल्या सरकारचा नियम आहे. एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. मुलगा दहावी पास असणार, म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी, असा) शिक्का नाही आणि सरकारी परवानगीची पायरी त्याला लागत नाही. ती वाचते म्हणून लोक खूश होतात, पण करारपत्र तपासणारं एक सरकारी टेबलही त्याबरोबर कमी होतं. ते काम तुम्हालाच करावं लागेल. कराराची प्रत निघण्याआधी हातात हवी, आणि त्यात पदाचं नाव, मूळ पगार, जेवण, राहणं, परतीचं तिकीट स्पष्ट लिहिलेलं हवं. पर्यटक व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलू, असं एजंट म्हणाला तर तिथूनच उठा.

कतारात 2021 च्या मार्चपासून किमान मूळ पगार महिना 1,000 रियाल आहे, आणि नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही. 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर काम करून घेता येत नाही. तुमच्या मुलाचं काम गच्चीवरचं, तेव्हा या तारखा त्याला तोंडपाठ हव्यात. पासपोर्ट मालकानं ठेवून घ्यायचा नसतो, हेही सांगून ठेवा. अडचण आलीच तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर घरूनही तक्रार करता येते, म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या प्रती खेडला तुमच्याजवळ राहू द्या. एजंटाला पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. तो रोख मागून पावतीला नाही म्हणाला, तर मुलगा दोन महिने उशिरा गेला तरी चालेल, दुसरा एजंट पाहा.