डॉक्टरांनी स्क्रीनवरचा लाल चौकोन न वाचताच बंद केला, काळजी करू का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना दाखवायला नेलं होतं, डॉक्टर गोळी टाइप करत असताना स्क्रीनवर लाल चौकोन आला आणि त्यांनी तो सेकंदात बंद करून प्रिंट काढून दिली, तर हा निष्काळजीपणा आहे का. मी कोल्हापुरात फिजिशियन आहे, आमच्या छोट्या हॉस्पिटलात केसपेपर जाऊन कॉम्प्युटर आला त्याला सात वर्षं होतील, आणि खरं सांगायचं तर असे चौकोन मी पण रोज बंद करतो, आज सकाळच्या ओपीडीत किती केले ते मोजलेही नाहीत.

तो चौकोन म्हणजे काय, तर वडिलांचं वय, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, रक्ताचे रिपोर्ट असं जे काय आत भरलेलं असतं त्याच्याशी सॉफ्टवेअर नवीन गोळी ताडून बघतं आणि खटकलं की बोंब मारतं. अडचण एवढीच की ते कशावरही बोंब मारतं. हार्टच्या पेशंटला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं एकत्र दिली, बोंब, अहो स्टेंट टाकल्यावर मुद्दामच देतात ती जोडी! गल्लीतलं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकायला लागलं की चोर आला तरी कोण उठून बघत नाही, तसं होतं. आणि हे आपल्याकडचंच नाही, 2006 साली परदेशातल्या अभ्यासांचा एक आढावा आला होता त्यात डॉक्टरांनी औषधांच्या 49 ते 96 टक्के सूचना ओलांडल्याचं निघालं.

पण चोर येतो कधीतरी. माझ्याच हातून झालेलं सांगतो. एक मावशी, हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन कायमचं चालू. पोटात मुरडा आणि जुलाब म्हणून आल्या, बाहेर पन्नास पेशंट बसलेले, मी मेट्रोनिडाझोल हे जुलाबावरचं अँटिबायोटिक लिहिलं, चौकोन आला, मी एंटर मारला. मेट्रोनिडाझोलमुळे शरीरात वॉर्फरिन मोडायचा वेग कमी होतो, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, वर जातो आणि कुठूनही रक्तस्राव होऊ शकतो. मला हे माहीत नव्हतं का, परीक्षेत तोंडपाठ सांगितलंय! पण तो चौकोन आधीच्या तीसेक फालतू चौकोनांसारखाच दिसत होता, तोच रंग, तोच आवाज. खालच्या मेडिकलमधल्या फार्मासिस्टचा फोन आला, "सर, मावशींचं वॉर्फरिन बंद केलंय का?" हातपाय गार पडले माझे. गोळी पोटात जायच्या आधी बदलली, नशीब.

त्या आठवड्यात आम्ही सगळे बसलो आणि बहुतेक सूचना कोपऱ्यात बारीक अक्षरात ढकलल्या, मोजक्याच ठिकाणी खरा अडसर ठेवला, म्हणजे कारण टाइप केल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. वॉर्फरिनच्या धोक्याच्या जोड्या त्यात आहेत, संधिवाताला आठवड्यातून एकदा द्यायचं मेथोट्रेक्सेट कुणी चुकून रोज लिहिलं तर तेही आहे. आता चौकोन कमी येतात आणि आला की मान वर होते.

मशीनवर पूर्ण विसंबलं तर काय होतं तेही बघा. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉस्पिटलात 16 वर्षांच्या मुलाला को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकची एक गोळी द्यायची होती, कॉम्प्युटरच्या त्या रकान्यात आकडा मिलिग्रॅमऐवजी दर किलोला मिलिग्रॅम धरला गेला, वजनानं गुणाकार झाला आणि साडेअडतीस गोळ्यांची ऑर्डर निघाली. सूचना आली होती, ओलांडली. पुढं रोबोटनं गोळ्या काढल्या, नर्सनं बारकोड स्कॅन केला, मशीन म्हणालं बरोबर आहे, आणि दिल्या. पोरगा वाचला, पण फिट आली होती त्याला.

मग फायदा कुठं होतो, तर जिथं डोक्यात हिशोब होत नाही तिथं. आमच्याकडे 78 वर्षांच्या एक आजी आल्या, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, 1.1, लॅबच्या कागदावर नॉर्मल, मीही पुढं गेलो असतो. सॉफ्टवेअरनं वय धरून किडनी किती गाळते त्याचा हिशोब काढला तर 51 आला, तरुण माणसाचा शंभराच्या आसपास असतो, आणि आजी गुडघ्यासाठी रोज दोन डायक्लोफिनॅक खात होत्या, ही पेनकिलर किडनीला त्रास देते. बंद केल्या. उलट तालमीतला एक पैलवान, वय 24, क्रिएटिनिन 1.4, हिशोब 72 आणि स्क्रीनवर पिवळी पट्टी की किडनीचं काम कमी दिसतंय. आता त्या पट्टीला काय माहीत की हा गडी दिवसाला किती जोर-बैठका मारतो आणि मटण किती खातो! स्नायू जास्त असले की क्रिएटिनिन वरच असतं. लघवीत प्रोटीन नव्हतं, सिस्टॅटिन सी नावाची तपासणी केली, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, नॉर्मल आली. आता फाइलमध्ये लिहून ठेवलंय "पैलवान", नाहीतर पुढचा डॉक्टर परत घाबरवणार त्याला.

आणि आत भरलेलंच चुकीचं असेल तर सगळंच मुसळ केरात. आमच्या भागात जुन्या लोकांची जन्मतारीख 1 जून, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. बाळासो पाटील, 1 जून, असे दोन जण आमच्याकडे होते, एकाची सल्फा गटातल्या औषधांची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाऊन बसली. तेव्हापासून गाव आणि मोबाईल नंबर विचारल्याशिवाय फाइल उघडत नाही. आता 14 आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख नंबर, आलाय, तो जोडला तर असा घोळ कमी होतो आणि तुमची परवानगी असेल तर दुसरीकडचे रिपोर्टही दिसतात, पण तेवढ्यावर थांबू नका.

वडिलांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, दुकानातून आणलेली पेनकिलर आणि वैद्यांची पुडी पण, कारण जे फाइलमध्ये नाही त्यावर चौकोन येतच नाही. आणि सरळ विचारा ते लाल काय आलं होतं म्हणून. मला मागच्या महिन्यात एका आजोबांनी विचारलं, "आवो डॉक्टर, ते मशीन काय म्हणायलंय माझ्याबद्दल?" स्क्रीन फिरवून दाखवली, अर्ध्या मिनिटाचं काम. तुमचे डॉक्टर पण सांगतील, आणि विचारल्यावर चिडले तर मग खुशाल काळजी करा.