पिल्लाचे जुलाब आणि बदललेला आहार

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. कुत्र्याचे दोन महिन्यांचे पिल्लू आणल्यापासून त्याला दूध-पोळी देत आहोत. कालपासून त्याला पातळ जुलाब होत आहेत, पण ते खेळते आहे. त्याला उपाशी ठेवावे का?

उत्तर : मुळीच नाही, एवढ्या लहान पिल्लाची रक्तातील साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते. दूध मात्र आजच बंद करा, कारण त्यातील लॅक्टोज ही साखर अनेक पिल्लांना पचत नाही. मऊ भात आणि मीठ-मसाल्याविना उकडलेले, हाडे काढलेले चिकन दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असल्याने घरची आमटी त्यात कालवू नये. पाणी सतत समोर असावे. शी घट्ट झाल्यावर पिल्लांचे खाद्य थोडे थोडे मिसळत साधारण ७ दिवसांत आहार पूर्ण बदलावा.

हिरडीला बोट लावून पाहा. ती कोरडी, चिकट लागली तर शरीरातले पाणी कमी झाले आहे. तसे आढळल्यास, किंवा उलटी, शीतून रक्त अथवा मलूलपणा दिसल्यास, क्षणभरही न थांबता पशुवैद्यकांकडे न्यावे, कारण लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाच्या जिवावर पार्व्हो हा विषाणूजन्य आजार बेतू शकतो. एरवीही, जंत तपासण्यासाठी शीचा ताजा नमुना घेऊन उद्यापर्यंत त्यांना भेटाच. माणसांची जुलाबाची गोळी परस्पर देऊ नये, ही कळकळीची विनंती.