"नासाचं सही-शिक्क्याचं पत्र आणा" असं ज्यांना सांगतायत त्यांच्यासाठी

तुमची पोस्ट वाचली आणि सगळं जुनं आठवलं. गुरूभोवती फिरणाऱ्या नासाच्या जुनो यानाच्या कॅमेऱ्यातला गुरूचा कच्चा फोटो घेऊन तुम्ही डिजिटल चित्र केलंत आणि आता प्रदर्शनवाले नासाचं परवानगीपत्र मागतायत. सेम टू सेम माझ्याबाबतीत झालंय. लेयर, रंग, प्रिंट वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

असं पत्र आणायची गरजच नाही. नासाच्या बहुतेक फोटोंवर कॉपीराइट नसतो आणि वापराचे नियम त्यांच्या साइटवर जाहीर आहेत. मी त्याच नियमांची प्रिंट घेऊन एका कलासंस्थेच्या ऑफिसात गेलो, तर "यावर शिक्का कुठाय?" मग साहेब रजेवर, मग स्टॅम्प पेपरवर लिहून आणा, ते आणलं तर म्हणे मूळ मालकाची सही हवी. तोवर कॅटलॉग छापूनही झाला. आणि त्याच भिंतींवर नेटवरून उचललेल्या फोटोंची चित्रं लागली, त्यांना कुणी हटकलं नाही, कारण त्यांनी फोटो कुठला ते लिहिलंच नव्हतं! जो सरळपणे क्रेडिट देतो त्यालाच अडवायचं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

माझं मत विचाराल तर परवानगीचा विषयच काढू नका, अर्जासोबत एक पान जोडा. त्यावर कच्च्या फोटोचा नंबर, तारीख, लिंक, क्रेडिट (नासा आणि जुनो मोहिमेतल्या संस्था: जेपीएल-कॅलटेक, एसडब्ल्यूआरआय, एमएसएसएस) आणि तुम्ही काय काय केलंत ते. शेजारी कच्ची फाइलच छापा. यान मिनिटाला साधारण दोनदा स्वतःभोवती फिरतं आणि कॅमेरा १२८ पिक्सेल उंचीच्या पट्ट्या टिपत जातो, त्यामुळे ती फाइल म्हणजे निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून घेतलेल्या राखाडी पट्ट्यांची लांबलचक उतरंड. ती आणि तुमचं चित्र शेजारीशेजारी ठेवलं की तुमची मेहनत कुणालाही दिसते. मात्र दुसऱ्या कुणी प्रोसेस केलेला फोटो घेतला असेल तर त्याचं लायसन्स वेगळं, यानांचे कच्चे फोटो प्रोसेस करणाऱ्या केविन गिलच्या कित्येक चित्रांखाली सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचं 'नाव द्या आणि वापरा' लायसन्स) असतं, तिथे नाव द्यायलाच लागतं.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलंय की १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार अंतराळ सगळ्यांचं, म्हणून फोटोही सगळ्यांचे. भावना पटते हो, पण मालकीबद्दल तो करार एवढंच सांगतो की चंद्र किंवा ग्रहांवर कुठल्याही देशाला मालकी सांगता येणार नाही. फोटोला कायदा जमिनीवरचाच लागतो. युरोपियन अंतराळ संस्थेच्या हबल आणि वेब या अवकाश दुर्बिणींच्या साइटवर सीसी बाय ४.० आहे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सरकारी कामावर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणून चांद्रयानचे फोटो घ्याल तेव्हा अटी आधी वाचा. आणि नासाच्या 'रोजचा एक फोटो' पानावरचे कित्येक फोटो खासगी छायाचित्रकारांचे असतात, क्रेडिटच्या ओळीत 'कॉपीराइट' दिसलं की त्या माणसाला मेल करूनच पुढे जा.

मी वकील नाही, विकायच्या प्रिंट असतील तर जाणकाराला विचारा. पण सगळ्यांच्या साठ्यातून घेतलंय तर तुमचं चित्रही सीसी बाय-एसए (नाव द्या आणि त्यातून केलेलं कामही याच अटींवर खुलं ठेवा) खाली खुलं ठेवावं असं मला मनापासून वाटतं. पोट यावरच असेल तर मात्र माझा आग्रह नाही.

आणि हो, पोस्टमधल्या चित्राच्या कोपऱ्यात नासाचा निळा लोगो दिसतोय तो आजच काढा. फोटो मोकळा असला तरी लोगो मोकळा नाही, त्याला खरंच परवानगी लागते.