डिशमध्ये व्हायरस मेला, मग गोळी का देत नाहीत?

प्रश्न : नमस्कार ताई, कुठलीही साथ आली की बातमी येते की अमुक जुन्या औषधाने लॅबमध्ये व्हायरस ४८ तासांत संपवला. औषध आधीपासून वापरात आहे, सेफ आहे हे माहितीये, मग पेशंटला लगेच का देत नाहीत? स्वस्त औषध कंपन्यांना नकोय म्हणून दाबतात असं आमच्याकडे सगळे म्हणतात.

तुमचा राग मला समजतो, कारण घरातलं माणूस आजारी असताना अशी बातमी वाचली की कुणालाही हेच वाटेल. पण त्या बातमीत एक आकडा नेहमी गाळलेला असतो, तो म्हणजे डिशमध्ये, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवतात त्या भांड्यात, औषध किती टाकलं होतं.

तुम्ही म्हणताय ती ४८ तासांची बातमी बहुतेक आयव्हरमेक्टिनची. एप्रिल २०२० मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी पेपर छापला, पेशींमध्ये कोविडचा व्हायरस सोडला, मग ५ मायक्रोमोलर आयव्हरमेक्टिन टाकलं आणि ४८ तासांत व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सुमारे ५००० पटींनी कमी झाला. प्रयोग खरा आहे, त्यात फसवाफसवी काही नाही. आता ५ मायक्रोमोलर म्हणजे किती ते बघा, लिटरमागे साधारण साडेचार मिलिग्रॅम. आणि जंतांसाठी वगैरे हे औषध देतात त्या नेहमीच्या डोसनंतर रक्तात लिटरमागे एक मिलिग्रॅमचा दहावा भागसुद्धा होत नाही, शिवाय जे असतं त्यातलं बरंचसं रक्तातल्या प्रोटीनला चिकटून बसतं, मोकळं फारच थोडं उरतं. म्हणजे डिशमधली पातळी माणसात गाठायची तर डोस इतका वाढवावा लागेल की व्हायरसच्या आधी पेशंटलाच त्रास सुरू होईल. 'सेफ' हा शब्द त्या ठरलेल्या डोसपुरता असतो हो, औषधाच्या नावाला तो कायमचा चिकटलेला नसतो.

तरी कुणी ते तिथेच सोडून दिलं नाही, माणसांवर रीतसर ट्रायल झाल्या. ब्राझीलमधली टुगेदर नावाची ट्रायल २०२२ मध्ये छापून आली, १३०० पेक्षा जास्त पेशंट होते, फायदा दिसला नाही. आणि स्वस्त औषध दाबतात म्हणाल तर डेक्सामेथासोन बघा ना, कित्येक दशकं जुनं स्टेरॉइड, अगदी स्वस्त. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलचा निकाल जून २०२० मध्ये आला, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आलं होतं, आणि निकाल आल्या आल्या डॉक्टरांनी ते वापरायला घेतलं. गंमत नाही, मला हे फार महत्त्वाचं वाटतं की हे औषध व्हायरसला मारतच नाही, शरीराची बेफाम झालेली सूज आवरतं, त्यामुळे नुसती डिश बघत बसलो असतो तर ते कधीच सापडलं नसतं.

प्रश्न : लॅबमध्ये नक्की करतात काय? औषध आणि व्हायरस एकत्र मिसळतात का?

नाही, नुसतं मिसळून काही कळत नाही, कारण व्हायरस वाढायला जिवंत पेशी लागतात. छोट्या छोट्या खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते, ९६ किंवा ३८४ खळग्यांची, प्रत्येकात पेशी वाढवायच्या, वेगवेगळ्या प्रमाणात औषध घालायचं, मग मोजून व्हायरस सोडायचा आणि एकदोन दिवस थांबायचं. काही खळग्यांत फक्त पेशी, काहींत पेशी आणि व्हायरस पण औषध नाही, हे तुलनेसाठीचे खळगे, म्हणजे कंट्रोल, नसतील तर बाकी सगळी प्लेट वाया. घातक व्हायरस असेल तर हे सगळं बंदिस्त, हवेचा दाब कमी ठेवलेल्या बीएसएल-३ लॅबमध्ये करावं लागतं.

नंतर दोन आकडे काढतात. व्हायरसची वाढ निम्म्यावर आणणारं प्रमाण म्हणजे ईसी-५०, आणि निम्म्या पेशीच मारून टाकणारं प्रमाण म्हणजे सीसी-५०. या दोघांत जितकं जास्त अंतर तितकं बरं. अंतर कमी असेल तर काय होतं, की पेशीच मरायला टेकलेल्या असतात आणि मेलेल्या पेशीत व्हायरस वाढत नाही, आणि वरवर बघणाऱ्याला वाटतं औषधाने व्हायरस रोखला! मी सेल कल्चरमध्ये काम केलंय, आणि विषारी डोसमुळे खोटा आनंद झालेला मी जवळून पाहिलाय, म्हणून कुठलाही पेपर आला की मी आधी सीसी-५० शोधते.

प्रश्न : माझ्या मावशीला ल्युपस आहे, ती कित्येक वर्षं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेते. मग तिला व्हायरसपासून आपोआप संरक्षण मिळत असेल ना? की ते सगळं खोटंच निघालं?

संरक्षण मिळत नाही, ही गोळी नियमित घेणाऱ्या ल्युपसच्या पेशंटनाही कोविड झाला. पण मावशींनी गोळी अजिबात बंद करायची नाही, ती ल्युपससाठी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारासाठी आहे, आणि त्यासाठी ती चांगलं काम करते. २०२० मध्ये लोकांनी या गोळीसाठी इतकी धावपळ केली की ज्यांना ती खरंच लागते अशा ल्युपसच्या पेशंटना ती मिळेना, ही गोष्ट मला अजून टोचते.

आता ती डिशमध्ये चालली आणि माणसात का नाही, तर याचं उत्तर पेशींमध्ये आहे. अशा टेस्टसाठी जगभर व्हेरो नावाच्या पेशी वापरतात, १९६२ मध्ये जपानमध्ये आफ्रिकन ग्रीन मंकीच्या किडनीतून काढलेल्या, वाढवायला सोप्या आणि त्यांच्यात व्हायरसही जोमाने वाढतो. कोविडचा व्हायरस या पेशींत शिरतो तो आतल्या आम्लधर्मी पिशव्यांमधून, आणि क्लोरोक्वीन (हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचं सख्खं भावंड) त्या पिशव्यांची आम्लता कमी करतं, झालं, वाट बंद. पण आपल्या फुप्फुसातल्या पेशींवर टीएमपीआरएसएस-२ नावाचं एन्झाइम असतं, त्याच्या मदतीने व्हायरस थेट बाहेरच्या आवरणातूनच आत येतो, पिशवीची गरजच पडत नाही. व्हेरोत हे एन्झाइम जवळपास नसतंच. म्हणजे ज्या दाराला कुलूप लावलं ते माकडाच्या किडनीच्या पेशीचं होतं आणि पेशंटमध्ये व्हायरस दुसऱ्याच दाराने येत होता. फुप्फुसाच्या पेशींवर तोच प्रयोग केला तेव्हा क्लोरोक्वीनने व्हायरस अडला नाही, हे २०२० मध्येच छापून आलं.

रिकव्हरी ट्रायलमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दिलेल्यांपैकी २८ दिवसांत २७ टक्के दगावले आणि न दिलेल्यांपैकी २५ टक्के, म्हणजे फायदा शून्य. वाईट याचं वाटतं की हे पहिल्यांदा घडत नव्हतं. क्लोरोक्वीन डिशमध्ये फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या अशा कितीतरी व्हायरसवर चाललं होतं आणि माणसांवरच्या ट्रायलमध्ये तिन्ही ठिकाणी अपयशी ठरलं होतं.

प्रश्न : मग जुनी औषधं व्हायरसवर तपासणं म्हणजे वेळ आणि पैसा फुकट घालवणंच नाही का?

नाही, असं अजिबात म्हणू नका. एझेडटी हे औषध १९६४ मध्ये कॅन्सरसाठी बनवलं होतं, त्यात जमलं नाही म्हणून बाजूला पडलं. १९८५ च्या सुमारास एड्सच्या व्हायरसवर ते पेशींमध्ये तपासलं आणि ते चाललं. मग २८२ पेशंटची ट्रायल झाली, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी, घेणाऱ्यांत १९ मृत्यू आणि एझेडटी घेणाऱ्यांत १, म्हणून ट्रायल मुदतीआधी थांबवून सगळ्यांना औषध देऊ केलं आणि मार्च १९८७ मध्ये मंजुरी मिळाली. डिशमधून पेशंटपर्यंत दोनेक वर्षांत! पुढे एकट्या एझेडटीने भागत नाही हेही कळलं, पण सुरुवात तिथून झाली.

रेमडेसिविरचंही तसंच, इबोलाच्या ट्रायलमध्ये ते अँटिबॉडीच्या औषधांपुढे मागे पडलं होतं, मग २०२० च्या सुरुवातीला कोविडवर तपासलं तेव्हा ईसी-५० आला ०.७७ मायक्रोमोलर आणि सीसी-५० १०० च्या वर, म्हणजे अंतर चांगलंच. अमेरिकेतल्या संस्थेने केलेल्या ट्रायलमध्ये बरं व्हायला १५ च्या ऐवजी १० दिवस लागले, मृत्यूवर मात्र परिणाम जेमतेमच. आणि एक सांगू का, व्हेरो पेशी उलटीकडूनही फसवतात, या औषधाचं रूपांतर त्या पेशींत नीट होत नाही, त्यामुळे माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशींत ते जितकं जोरात चालतं तितकं व्हेरोत दिसतच नाही.

लॅबवाले यातून शिकलेत. २०२१ मध्ये दाखवलं गेलं की एका ठराविक प्रकारची कितीतरी औषधं पेशीत चरबीसारखे पदार्थ साठवून पेशीचा कारभारच बिघडवतात, आणि त्यामुळे व्हायरस रोखल्यासारखा दिसतो पण प्राण्यात काही होत नाही. आता अशी औषधं आधीच बाजूला काढता येतात, फुप्फुसाच्या पेशी सुरुवातीलाच वापरता येतात, आणि रक्तात मिळणारी पातळी बघूनच पुढे जायचं की नाही ते ठरवता येतं.

प्रश्न : घरात उरलेल्या गोळ्या ताप आल्यावर घेतल्या तर निदान नुकसान तरी नाही ना?

नुकसान होऊ शकतं, घेऊ नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनमुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात, दुसऱ्या काही औषधांबरोबर जास्तच, आणि आयव्हरमेक्टिन जास्त झालं तर चक्कर, गोंधळल्यासारखं होणं, फिट येणं इथपर्यंत जातं. कुणी आधीच घेतली असेल आणि छातीत धडधड किंवा चक्कर असेल तर वाट बघत बसू नका, रॅपर हातात घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा आणि किती गोळ्या, किती वाजता ते खरं खरं सांगा.