लहानपणीचा आवडता खाऊ मुलांना करून दिला, तर त्यांनी तोंड वाकडं केलं. आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्यापर्यंत पोहोचवायच्या तरी कशा?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे हेच झालं होतं. तुमच्या मुलांनी निदान तोंड वाकडं करून गिळलं तरी. माझ्या लेकीनं तो तुकडा तोंडातून काढून माझ्या हातावर ठेवला.

आमच्या खाऊचं नाव होतं 'काच'. म्हणजे नुसती साखर. आजोबा जाड बुडाच्या भांड्यात ती कोरडीच वितळवायचे. चमचा अजिबात घालायचे नाहीत, कानाला धरून भांडंच गोल गोल हलवायचे. साखर आधी फिकट पिवळी, मग मधासारखी व्हायची, आणि अगदी करपायच्या बेतात आली की लोणी फासलेल्या ताटात ओतायची. थोड्या वेळात तो पातळ थर कडक व्हायचा. मग तो फोडायचा, आणि तुकडा तोंडात टाकण्याआधी डोळ्यासमोर धरून खिडकीबाहेर बघायचं. सगळं जग तपकिरी! (पुढे कधीतरी वाचलं की हे नाव शास्त्रालाही धरून होतं. वितळलेली साखर पटकन थंड झाली की तिचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, आणि जे उरतं ते खरोखर काचेच्याच जातीचं असतं.)

हा उद्योग आजी घरात नसतानाच चालायचा, कारण भांड्याची वाट लागायची. काम झालं की आजोबा त्यात पाणी घालून उकळत ठेवायचे, चिकटलेलं सगळं विरघळायचं, आणि भांडं पुसून जागच्या जागी जायचं. मला कुणाला न सांगायची शपथ. आजी घरात पाऊल टाकायची, जरा नाक वर करायची आणि काही न बोलता खिडक्या उघडायची. तिला काही कळलेलं नाही, अशी माझी तेव्हा पक्की खात्री होती.

तर हे सगळं मी पोटात साठवून ठेवलेलं, आणि मुलांना दिलं काय? एका ताटलीत चार तुकडे. वर 'खा, माझे आजोबा करायचे' एवढं एक वाक्य. त्यांना त्यात आजोबा दिसणार कुठून? त्यांना दिसली कडू साखर. कडू होतीच ती. साखर जितकी गडद कराल तितका कडवटपणा वाढतो, आणि लहान मुलांना मोठ्यांपेक्षा गोड जास्त आवडतं, कडू कमी. खरं सांगायचं तर मलाही ती तेव्हासारखी लागली नाही. मी मात्र रागावले, जणू लेकीनं आजोबांचाच अपमान केला होता. त्या रागाची आता लाज वाटते.

पुढच्या खेपेला मी तयार खाऊ दिलाच नाही. दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हटलं, कुठल्या रंगावर थांबायचं ते तुम्ही सांगायचं. अंतर मात्र कडक ठेवलं. वितळलेली साखर 160 अंश सेल्सिअसच्याही वर जाते, उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि वर ती कातडीला चिकटते. त्यामुळे भांडं फक्त माझ्या हातात. धाकट्याला तर पाच वर्षांचा होईपर्यंत असला कडक तुकडा मी दिलाच नव्हता, घशात अडकायची भीती असते. मोठी फिकट पिवळ्यावरच ओरडली, 'थांब!' थांबले. आजोबांनी असली काच फेकून दिली असती. पण ताट थंड होईपर्यंत आम्हाला काहीच काम नव्हतं, आणि त्या रिकाम्या वेळात शपथेची आणि खिडक्यांची गोष्ट आपोआप निघाली.

एक गंमत. माझी आई तेव्हा आमच्याकडे होती. ती ऐकून म्हणाली, 'बाबांनी हे फार तर दोन-तीनदा केलं असेल.' माझ्या आठवणीत दर रविवारी! आम्ही दोघी भांडायला लागलो, आणि मुलं पहिल्यांदाच कान टवकारून ऐकायला लागली. मग आईलाच प्रश्न सुरू झाले. आजोबा रागवायचे का, आजीनं कधी पकडलं का, तू लहान असताना काय खायचीस? यातली निम्मी उत्तरं मलाही नवी होती. तुमच्याकडे कुणी मोठं माणूस अजून असेल तर मुलांसमोर त्यांच्याशी एखाद्या आठवणीवरून जरूर वाद घाला.

अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना घराण्याबद्दल 20 प्रश्न विचारले होते. आई-बाबा कसे भेटले, आई कुठे वाढली, अशा तऱ्हेचे. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा आत्मविश्वास बरा आढळला. पण म्हणून उत्तरं पाठ करून घेऊ नका. ड्यूक यांचंच म्हणणं आहे की नुसती माहिती असून भागत नाही, ती ज्या गप्पांमधून येते त्या गप्पा महत्त्वाच्या.

त्यामुळे तुमच्या मुलांना तो पदार्थ आवडलाच पाहिजे हा हट्ट सोडा. हवं तर त्यात फेरफार करू द्या, गोड वाढवा, आकार बदला. नाहीच आवडला तर तुम्ही खा आणि त्यांना फक्त करायला घ्या. आमच्याकडे धाकटा काच खात नाही, नुसता डोळ्याला लावून घरभर फिरतो आणि हात चिकट करून ठेवतो. मोठी भांड्याची गोष्ट मैत्रिणींना रंगवून सांगते. तिच्या गोष्टीत आजी अचानक दारात येते आणि आजोबा घाबरून भांडं खिडकीतून खाली टाकतात. असलं काही कधी झालेलं नाही. आईनं मात्र परवा तिला विचारलं, 'मग ते भांडं सापडलं का गं?'