‘ही साडी कुठं मिळेल?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहून गेलं

पत्र : आम्ही वडगावचे, घरी दोन पॉवरलूम आहेत. मुलगा सेकंड पीयुसीला (म्हणजे बारावीला), कॉमर्सला आहे. इन्स्टाग्रामवर त्याचे १४ हजार फॉलोअर्स आहेत. पीयुसीनंतर शिकणार नाही, इन्फ्लुएन्सर होणार म्हणतो. सहा आठवड्यांच्या एका क्लाससाठी ४० हजार मागतोय. त्याचे बाबा पंधरा दिवस त्याच्याशी बोललेले नाहीत. मी काय करू? – एक आई, बेळगाव

उत्तर :

ताई, तुम्ही पाठवलेल्या लिंकवरचे सगळे व्हिडिओ मी पाहिले. बरेचसे मित्रांसोबतचे, गमतीचे आहेत. तसे गल्लोगल्ली होतात. एक मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिला. तार तुटून माग थांबतो, तुमचे यजमान बोट ओलं करून दोन्ही टोकं वळतात, गाठ मारतात, आणि धोटा परत धावायला लागतो. गाणं नाही, नुसता मागाचा खडखडाट. अर्ध्या मिनिटाचाही नाही, पण मुलाच्या बाकी कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी तोच पाहिलाय. खाली ३७ जणांनी विचारलंय, ‘ही साडी कुठं मिळेल? किंमत काय?’ त्यातले काही कन्नडमधून. तुमच्या मुलानं प्रत्येकाला लाल बदाम पाठवलाय. किंमत एकालाही सांगितलेली नाही.

पोराच्या हातात कसब आहे, ताई. दारात उभं असलेलं गिऱ्हाईक त्याला अजून दिसलेलं नाही, इतकंच.

फॉलोअर्स वाढले की पैसा येतो, अशी या वयात समजूत असते. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर लागतात, शिवाय १२ महिन्यांत ४००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. मग मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात. इन्स्टाग्रामवर नुसत्या व्ह्यूजला ठरलेला दर नाही. तिथं पैसा देतो तो माल विकणारा. आणि ही जागा आपल्या मालकीची नसते. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉक बंद केलं, तेव्हा वर्षानुवर्षं जमवलेले प्रेक्षक एका दिवसात हातचे गेले. त्या आठवड्यात माझ्यापुढं बसून रडलेला एक मुलगा मला अजून आठवतो. म्हणून फॉलोअर्सच्या आकड्यावर शिक्षण सोडायला माझा साफ विरोध आहे.

पण याच कसबाचा धंदा होतो, आणि तो बेळगावात चांगला होऊ शकतो. शहापूरचे साडीवाले, खडे बाजारातली दुकानं, कुंदा विकणारे, उद्यमबागेतले छोटे कारखानदार, या सगळ्यांना आज व्हिडिओ हवा आहे आणि तो करायला वेळ नाही. खरेदीला इथं चंदगड-गडहिंग्लजचं माणूस येतं तसं गोकाक-बैलहोंगलचंही येतं. तुमचा मुलगा दोघांशी त्यांच्या भाषेत बोलू शकतो. पुण्या-मुंबईची एजन्सी हे पैसे मोजून करून घेते, त्याला ते गल्लीत खेळता खेळता आलंय. एकाच साडीचे दोन व्हिडिओ, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. सुरुवात घरच्या साडीनंच करावी. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये पाककृतींचा चॅनेल सुरू केला, पुढं त्यांच्या नावाचे मसाले बाजारात आले. तुमच्याकडं विकायचा माल आधीपासून घरात आहे.

एक गोष्ट त्याला मोठ्या बहिणीनं सांगितल्यासारखी सांगा. आपल्या भागात भाषेवरून डिवचणारा व्हिडिओ रातोरात पसरतो. तसला एकही करू नकोस म्हणावं. पोलीस केस झाली तर ती पुढं नोकरीच्या अर्जापर्यंत पिच्छा पुरवते, आणि ज्याच्या भाषेला आपण नावं ठेवली तो दुकानदार आपल्याला काम कशाला देईल?

क्लासचे ४० हजार देऊ नका. फोनवरचं एडिटिंग त्याला येतंच. जाहिरातीचं तंत्र गुगलच्या स्किलशॉपवर फुकट शिकता येतं. त्या ४० हजारांतले थोडे पैसे कॉलरला लावायच्या माइकवर आणि एका ट्रायपॉडवर घाला. मागाच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, तेवढी एकच उणीव मला जाणवली.

बी.कॉम.ला प्रवेश घ्यायचाच. हिशेब, जीएसटी, करार हे सगळं या धंद्यात रोज लागणार आहे. कॉलेज सुटल्यावर दोन दुकानं धरावीत, जास्त नकोत. महिन्याला किती व्हिडिओ, शूटिंग कुठं, बदल किती वेळा, हे कागदावर लिहून निम्मे पैसे आधी घ्यावेत. व्हिडिओ ‘बूस्ट’ करायचा, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवायचा खर्च दुकानदाराच्या कार्डावरून व्हावा, पोराच्या खिशातून नको. व्हिडिओ बघून किती फोन आले, किती जण आत आले, हे गल्ल्याजवळच्या वहीत टिपायला सांगावं. पुढच्या महिन्याचे पैसे दुकानदार ती वही बघून देतो. मुलगा १८ चा होईपर्यंत सही तुमची किंवा त्याच्या बाबांची.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कौतुक केलं असेल, तर ‘जाहिरात’ असं ठळक लिहिणं बंधनकारक आहे. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. अंगाला लावायची क्रीम, वजन उतरवणारी पावडर, पैसे लावायचे खेळ असली कामं कितीही दिले तरी घेऊ नयेत.

राहिले त्याचे बाबा. माझ्या अंदाजानं त्यांना मुलाचा राग कमी आणि भीती जास्त आहे. माग चालवून घर कसं चालतं ते त्यांनी रोज सोसलंय. या रविवारी माग बंद असताना तिघं एकत्र बसा. तो व्हिडिओ लावा आणि खालचे ३७ प्रश्न बाबांना वाचून दाखवू द्या मुलालाच. साडीची किंमत बाबांनी सांगायची, उत्तर मुलानं टाइप करायचं, कन्नडवाल्याला कन्नडमधून. सुताच्या कांड्या भरता भरता तुम्ही पोस्टाच्या खर्चाचा हिशेब धरा.

दिवाळीपर्यंत किती साड्या गेल्या, ते मला नक्की लिहा.