इंजेक्शन म्हटलं की चक्कर येते, यासाठी समुपदेशनाला जायचं का?

हो, नक्की जायचं. विद्यापीठात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो आणि तो बहुतेक वेळा सेशन संपता संपता येतो, मूल उठायला लागतं आणि मग हळूच म्हणतं की मॅडम अजून एक होतं, पण ते अगदीच फालतू आहे. फालतू अजिबात नाहीये, या भीतीमुळे मुलं लस टाळतात, रक्त तपासायचं टाळतात आणि कुणाला सांगतही नाहीत.

एक मुलगा आठवतो (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. आला होता अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून, पण बोलता बोलता खरं कारण निघालं. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस घेतल्यावर तो सगळ्या वर्गासमोर बेशुद्ध पडला होता, तेव्हापासून दुसरा डोस टाळत होता आणि आता वॉर्डची पोस्टिंग जवळ आलेली, लसीकरणाचा कागद दिल्याशिवाय पाठवणार नाहीत. मला म्हणाला, "ज्याला स्वतःला सुई सहन होत नाही तो पेशंटला काय टोचणार?" हे त्याने किती दिवस मनात ठेवलं असेल!

त्याला आधी मी शरीरात काय होतं ते सांगितलं. बाकीच्या भीतींमध्ये छाती धडधडते, बीपी वाढतं आणि माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. सुई आणि रक्ताच्या भीतीत मात्र अनेकांचं बीपी आधी वर जातं आणि मग एकदम खाली येतं, ठोकेही मंदावतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही प्रवृत्ती घराण्यात चालते, त्याच्या वडिलांनाही रक्त पाहिलं की भोवळ यायची हे त्याला तेव्हाच आठवलं. म्हणजे भित्रेपणाचा काही संबंध नाही, आणि हे कळल्यावरच तो जरा सैल बसला.

आता महत्त्वाचं. अशांना सगळे सांगतात "रिलॅक्स हो, अंग सैल सोड", पण ज्यांचं बीपी घसरतं त्यांना याने उलट जास्त चक्कर येऊ शकते. त्यांच्यासाठी स्नायू ताणण्याचं तंत्र आहे, स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात ते उपचार म्हणून नीट बसवलं. हात, पाय, पोट १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर गरमपणा जाणवेपर्यंत, मग २०-३० सेकंद नेहमीसारखं बसायचं (पूर्ण ढिलं नाही), आणि असं पाच वेळा. आम्ही आधी नुसतंच केलं, मग सिरिंजचे फोटो पाहताना, मग आरोग्य केंद्रात दुसऱ्याला टोचताना बघत बघत. घाई केली नाही, घरी रोज सराव कर एवढं मात्र मी आग्रहाने सांगितलं. टोचताना ज्या हातात सुई तो हात सैल, बाकीचं अंग ताणलेलं, हे वेगळं शिकावं लागतं.

त्याच्या परवानगीने सिस्टरशी बोलले. परवानगीशिवाय बोलले नसते, जिवाला धोका असेल तरच तो नियम बाजूला ठेवतो. सिस्टरने त्याला गर्दी नसताना बोलावलं आणि झोपवूनच लस दिली, नंतर १५ मिनिटं तिथेच ठेवलं कारण बहुतेकांना भोवळ येते ती याच वेळात. त्याला थोडं गरगरलं, पण शुद्ध गेली नाही.

त्याला अजून एक धास्ती होती, मधे इतका खंड पडला म्हणजे पहिल्यापासून सुरू करावं लागणार आणि एक सुई वाढणार. तसं नसतं. नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने असं आहे, पण उशीर झाला तर राहिलेला डोस लगेच घ्यायचा आणि तिथून पुढे जायचं, तिसरा दुसऱ्यानंतर किमान ८ आठवड्यांनी आणि पहिल्यानंतर किमान १६ आठवड्यांनी. पेशंटजवळ काम करणाऱ्यांनी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची रक्ततपासणीही करायची असते. त्या तपासणीला मात्र तो एकटाच गेला, आत शिरल्या शिरल्या "मला चक्कर येते, झोपून देतो" असं स्वतः सांगून, आणि तुम्हीही एवढं एक वाक्य सिस्टरला आधीच सांगा.